कळमनुरीच्या ओसरीवरची खिडकी

गंगाधरकाका गेल्याची बातमी आली ती एका प्रश्नाच्या खाली. आमचा फोनवर एक गट आहे, 'खिडकी' नावाचा. नांदेड, परभणी, लातूर, हिंगोलीकडचे आम्ही प्रोग्रामर, आणि मधूनच कुठे परदेशात जाऊन बसलेला एखादा आपलाच माणूस, असे सगळे त्यात आहोत. आमचं काम दुकानांत, लॉजवर, दूध केंद्रावर टेबलावरच्या संगणकात चालणारी सॉफ्टवेअर लिहिण्याचं. त्यातलं आतलं गणित कसंही जमतं, पण माणसाला समोर जी खिडकी दिसते, जिच्यात तो नाव-आकडे भरतो आणि बटणं दाबतो, ती काही केल्या नीट बसत नाही. मग गटात येऊन गळा काढायचा. त्या दिवशी सकाळी लातूरच्या एकाने लिहिलं होतं, 'यादी मोठी झाली की खाली सरकत नाही, कोणी सांगेल का?' नेहमीप्रमाणे काकांच्याच नंबरावरून उत्तर आलं. 'मी त्यांची मुलगी. बाबा आज पहाटे गेले, झोपेतच.' बऱ्याच वेळाने लातूरच्या त्या बिचाऱ्याने लिहिलं, 'माझं काही घाईचं नाही.' ... मी तेव्हा वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, एका आडत दुकानात टेबलाखाली शिरून वायर जोडत होतो. ते वाचून मला आधी हसू आलं आणि मग समोरचं काही दिसेना. काका असते तर या उत्तरावर आठवडाभर हसले असते आणि येईल त्याला ते रंगवून सांगितलं असतं.

मी बालाजी. नांदेडला इंजिनिअरिंग केलं, वर्गातली झाडून सगळी पोरं पुण्याला गेली आणि मी वसमतला परत आलो. मला गावातच राहायचं होतं. का राहायचं होतं, ते तेव्हाही नीट सांगता यायचं नाही आणि आजही येत नाही. अझहर हा माझा शाळेपासूनचा मित्र, त्याचा हात यंत्रांवर चांगला, माझा कीबोर्डवर. दोघांनी मिळून हळदीच्या आडतीसाठी एक सॉफ्टवेअर बनवलं. शेतकऱ्याचं नाव टाकायचं, हळद लांब कांडी आहे की गोल गट्टू ते निवडायचं, पोतं काट्यावर ठेवलं की वजन आपोआप वायरीतून खिडकीत येणार आणि पावती बाहेर पडणार. मोंढ्यात इंटरनेट पाहुण्यासारखं येतं, चहा पिऊन निघून जातं, म्हणून सगळा कारभार दुकानातल्या संगणकातच ठेवलेला. एका शेठजींनी आमच्यावर विश्वास टाकून ते बसवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी आमची शोभा झाली. काट्यावरून वजन घ्यायला गेली की खिडकी थिजायची. पांढरीफटक व्हायची. मुनीमजी हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांनी कीबोर्ड बडवायचे आणि ती ढिम्म. शेठजींनी शांतपणे सांगितलं, "नवी हळद यायच्या आत हे सरळ झालं तर बराबर. न्हाई तर उचलून न्या लेकरांनो, आमी आपलं हातानं लिहितो." त्याच सुमाराला पुण्याच्या एका कंपनीचं मला बोलावणं आलेलं. वडील रोज जेवताना एकच वाक्य म्हणायचे, "लोकाची पोरं पुण्याला जाऊन राहिली अन् आमचं काट्याला वायरा जोडून राहिलं." खिडकी सुधारली नाही तर मला पुण्याला जावं लागणार, हे घरात न बोलता ठरून गेलं होतं.

मग मी तेच केलं जे जगभरातले अडलेले प्रोग्रामर करतात. इंटरनेटवरच्या एका मोठ्या चौकात, जिथे सगळे एकमेकांना प्रश्न विचारतात, तिथे माझ्या इंग्रजीत प्रश्न टाकला आणि खाली खिडकीचा फोटो चिकटवला. पहिल्याने विचारलं, तुम्ही स्वतः काय प्रयत्न केलेत? दुसऱ्याने सांगितलं, हा प्रश्न पूर्वी विचारून झालाय. तिसऱ्याने तर प्रश्न बंदच करून टाकला. एवढ्यात मला वेगळा निरोप आला, चक्क मराठीत. 'फोटोत कांडी-गट्टू दिसून राहिलं. वसमतचा का रे तू? मी कळमनुरीचा. उद्या ये, चहा पिता पिता सांगतो.' मी साऱ्या जगाला हाका मारत होतो आणि ओ दिली ती एका एसटीच्या अंतरावरून.

दुसऱ्या दिवशी अझहर आणि मी लॅपटॉप छातीशी धरून कळमनुरीला गेलो. गंगाधरकाका ओसरीवर लुंगी-बनियनवर बसून ज्वारी पाखडणाऱ्या काकूंशी कशावरून तरी भांडत होते. उंच, आडवे, आवाज असा की बोलले की अंगणातली कोंबडी जागा बदलायची. बरीच वर्षं त्यांनी पुण्यात याच कामात घालवली, वडील आजारी पडले म्हणून गावी आले ते पुन्हा गेलेच नाहीत. अर्धा दिवस शेत, अर्धा दिवस संगणक. नम्रता वगैरे त्यांच्या अंगात नव्हती. "महाराष्ट्रात माझ्यासारखी खिडकी कोणी लावत न्हाई," हे वाक्य त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत म्हटलं. मी घाईघाईने लॅपटॉप उघडला, तर म्हणाले, "ठेव तो डबा. आधी सांग, खिडकीसमोर कोण बसलंय?" मी म्हटलं, मुनीम. "झालं तर. मी मुनीम. तू खिडकी. हा काटा," असं म्हणून त्यांनी अझहरला फाटकापाशी नेऊन उभं केलं. त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. माझ्या हातात एक शाळेची पाटी दिली आणि स्वतः खुर्चीत बसले.

त्यांनी हुकूम सोडला, "खिडकी, वजन आण." मी फाटकाकडे गेलो. अझहर दोन्ही हात पसरून डुलत होता, पोतं अजून स्थिर झालं नाही म्हणे. मी उभा. इकडे काका ओसरीवरून ओरडायला लागले, "ए खिडकी! शेतकऱ्याचं नाव चुकलं, बदलायचं हाय! खिडकी! कांडी न्हाई, गट्टू हाय! आरं ए!" आता मी वजन घ्यायला गेलेलो, ते घेतल्याशिवाय परत कसा येऊ? मी आपला अझहरच्या तोंडाकडे बघत उभा, आणि अझहर डुलतोय. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला पाय टेकवून बघायला लागला. काकू सूप खाली ठेवून म्हणाल्या, "एवढं बोंबलून राहिले हे, अन् हे पोरगं बहिरं झालं का?" ... आणि मला लख्ख कळलं. माझी खिडकी बिघडलेली नव्हतीच. मी तिला वजन आणायला फाटकावर पाठवत होतो आणि ओसरीवर ओ द्यायला कोणीच नसायचं. मी धावत परत आलो आणि म्हणालो, "काकू, तुमी जा वजन आणायला. मी इथंच थांबतो." काकांनी खुर्चीतच टाळी वाजवली.

पण खेळ संपला नव्हता. काकू पदर खोचून गेल्या, अझहरला डुलणं बंद करायला लावलं, वजन घेऊन तरातरा आल्या आणि माझ्या हातातली पाटी ओढून त्यावर लिहायला लागल्या. त्याच वेळी मी काकांनी सांगितलेलं नाव लिहीत होतो. पाटीवर नाव आणि आकडा यांचं असं काही कालवण झालं की काय विचारता. काका गरजले, "न्हाई! बाहेरून आलेल्यानं पाटीला हात लावायचा न्हाई. खिडकीच्या कानात सांगायचं, लिहील ती खिडकी." काकू म्हणाल्या, "माझ्या घरात, माझ्या लेकीच्या पाटीवर मला मनाई?" पण पुढच्या खेपेला त्या आल्या आणि माझ्या कानात मोठ्याने वजन सांगून गेल्या. हा नियम मी पुस्तकात चार वेळा वाचला होता आणि चारही वेळा पान उलटलं होतं. परतीच्या एसटीत अझहरने विचारलं, "काय सुधारायचं ते समजलं का?" मी म्हटलं, "काकूला कोडमध्ये टाकायचं." आम्ही वसमत येईपर्यंत हसत होतो.

नवी हळद आली तेव्हा शेठजींच्या दुकानासमोर गाड्यांची रांग लागली होती. पोतं काट्यावर चढत होतं, वजन खिडकीत उमटत होतं, आणि तेवढ्यात मुनीमजी पुढच्याचं नाव टाकून मोकळे होत होते. ते माझ्याकडे बघून नुसतं म्हणाले, "व्हय, आता चालून राहिली." मुनीमजींच्या तोंडून याहून मोठं कौतुक आजवर कोणी ऐकलेलं नाही. मी पुण्याला 'नाही' म्हणून कळवून टाकलं. वडिलांनी कारण विचारलं, तेव्हा मी खरं तेच सांगितलं. इथे राहून हे काम करायचं तर अडल्यावर विचारायला माणूस लागतो, आणि तो मला सापडला होता. पुढच्या वेळी मी कळमनुरीला निघालो तेव्हा वडिलांनीच काकांसाठी घरच्या हळदीची पिशवी दिली.

त्यानंतर दर थोड्या दिवसांनी मी त्या ओसरीवर असायचो. हळूहळू बाकीचे यायला लागले, गट झाला, गटाला नावही काकांनीच दिलं. त्यात कोणी नुसता कोड चिकटवून 'चालत नाही' असं लिहिलं की काका उखडायचे. 'काहून चालावं त्यानं? कोणासाठी चालावं ते तरी सांग' असा निरोप यायचा, आणि तो वाचतानाही आवाज ऐकू यायचा. पण भेटायला आलेल्याला त्यांनी कधी रिकाम्या पोटी परत पाठवलं नाही. तकलीफ सांगायला आलेला माणूस आधी जेवायचा, मग बटण व्हायचा. रद्द करायचं बटण मात्र कायम काकूंकडे. "माझ्याइतकं रद्द करायची सवय या घरात कोणाला न्हाई," असं त्याच म्हणायच्या, आणि मुनीम झालेले काका काही घोळ घालायला लागले की नुसता हात वर करायच्या. नांदेडचा एक पोरगा मोठ्या पडद्यावर फार सुंदर खिडकी बनवून आला होता. काकांनी त्याला ओसरीच्या कडेला उभं केलं, एकेक पाऊल मागे सरकवत शेवटी पायरीवरून खाली अंगणात उतरवून ओसरीच्या आड बसवलं आणि विचारलं, "आता मला तू दिसतो का?" दिसत नव्हता. दुकानातल्या छोट्या पडद्यावर त्याचं जतन करायचं बटण असंच खाली घसरून गायब होत होतं.

इतकं शिकवणारा हा माणूस एकदा स्वतः तोंडावर आपटला, आणि ती गोष्ट तो इतक्या आनंदाने सांगायचा की जणू बक्षीस मिळालं होतं. औंढ्याला एका लॉजवाल्याने काकांकडून खोल्यांसाठी सॉफ्टवेअर करून घेतलं. नागनाथाला येणाऱ्या भाविकांची गर्दी, कुठली खोली रिकामी हे एका नजरेत कळावं म्हणून काकांनी रिकाम्या खोल्या हिरव्या आणि भरलेल्या लाल दाखवल्या. कोणीही असंच करील. सोमवारी काका स्वतः बघायला गेले, मला बरोबर घेतलं. लॉजवाल्याने परभणीच्या एका कुटुंबाला मोठ्या रुबाबात किल्ली दिली, आणि थोड्याच वेळात वरून आरडाओरडा. आत एक गृहस्थ पंचा नेसून गाढ झोपलेले. दुसऱ्या कुटुंबाचं तेच. काका चक्रावले. लॉजवाला उलट त्यांच्यावरच चिडला, "साहेब, तुमची खिडकी खोटं बोलून राहिली. भरलेली खोली हिरवी पाहिजे ना? माणसानं भरलं म्हणजे हिरवंगार! लाल म्हणजे उजाड, तिथं गिऱ्हाईक पाठवा म्हणून सांगून राहिली ना ती?" त्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या शेतीचं, शिवार भरलं की त्याच्या लेखी हिरवं. काका काउंटरवर डोकं टेकवून असे हसले की झोपमोड झालेले गृहस्थही खाली येऊन हसायला लागले. तिथेच बसून त्यांनी रंगांची अदलाबदल केली, आणि संध्याकाळपर्यंत काउंटर सोडलाच नाही. येणाऱ्या भाविकांना स्वतः किल्ल्या देत होते, "हिरवीगार न्हाई, लाल खोली घ्या, छान हाय," असं सांगत. त्यानंतर ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न तो झाला, तुझ्या माणसाला हिरवं म्हणजे काय?

आमची शेवटची भेट त्यांच्या शेतात झाली. ओला हरभरा भाजला होता, बोटं काळी झाली होती. मी कामाचं काही काढलं तर म्हणाले, "आज न्हाई. आज खिडकी बंद." मग उगाच म्हणाले, "तू आता मला कमी विचारून राहिला बालाजी." मला वाटलं रागावले. तोंड बघितलं तर खूश होते ...

काका गेल्यावर गटात काही दिवस एकही प्रश्न आला नाही. त्याच दिवसांत पुण्यातल्या मित्राचा फोन आला, त्याच्या कंपनीत जागा होती. "आता तिथं कोण आहे तुला?" त्याने विचारलं. त्याला दुखवायचं नव्हतं, पण ते बरोब्बर लागलं. मी दोन दिवसांत होय-नाही कळवतो म्हणालो, आणि मनातल्या मनात होय झालंच होतं. अझहरला सांगितलं, तो काट्याचा स्क्रू पिळत राहिला. निघायच्या आधी काकूंना भेटावं म्हणून रविवारी कळमनुरीला गेलो. काकू ओसरीवरच होत्या, बारीक झालेल्या. चहा झाला. पुण्याचं कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो, एवढ्यात फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. छातीशी लॅपटॉप. "गंगाधरकाका हायत का?"

पूजा तिचं नाव, जवळच्याच एका तांड्यावरची. कॉलेजच्या सरांनी पत्ता दिला होता, पुढचं तिला काही माहीत नव्हतं. काकूंनीच तिला सांगितलं, आणि ती रडवेली होऊन परत वळली तर म्हणाल्या, "आलीस ना आता? बस." पूजाची आई तांड्यावर दूध संकलन केंद्र चालवते. तिला आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. पूजाने तिच्यासाठी सुटसुटीत खिडकी केली होती, तरी आई दर थोड्या वेळाने तिला हाका मारायची, हे काय आलं बघ. त्यामुळे पूजाला घर सोडून नांदेडला शिकायला जाता येत नव्हतं. मी लॅपटॉप उघडून कोड वाचायला लागलो. बराच वेळ वाचलं. चूक एकही नव्हती. काकू बघत होत्या. अखेर त्यांना राहवेना, "काहून डोळे फोडून राहिला? ऊठ. खिडकी हो."

मी उठलो. खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्न माझ्या तोंडावर आला तोच काकू सरळ जाऊन त्या खुर्चीत बसल्या. "मी हिची आई." एक तांब्या घेतला, दूध ओतल्यासारखं केलं, आकडा सांगितला. पूजाने लिहिलं होतं तसं मी खिडकी म्हणून विचारलं, "नोंद झाली. ठीक आहे?" काकूंनी मान हलवली. दुसरा तांब्या. "नोंद झाली. ठीक आहे?" तिसरा. "नोंद झाली. ठी..." काकूंनी तांब्या आपटला. "ठीक हाय म्हणूनच ओतलं ना दूध? घडी घडी काय इचारतो मेल्या? काही बिघडलं का माझ्या हातून?" पूजा तोंडावर हात ठेवून बघत राहिली. तिची आई रोज हेच समजत होती. दर तांब्यामागे 'ठीक आहे?' विचारणारी चौकट यायची, आणि वाचता न येणाऱ्या बाईला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. पूजाने तिथेच बसून ती चौकट काढून टाकली. नुसता आकडा ठळक होऊन खालच्या रांगेत बसायला लागला. काकूंनी आणखी पाच-सहा तांबे ओतले, विनाकारण, हसत हसत. काका गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मलाही फार दिवसांनी मोकळं वाटलं.

निघताना पूजाने चपला घालता घालता विचारलं, "दादा, पुन्हा अडलं तर कोणाला विचारू?" मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की मी इथे असणार नाही, फोन नंबर देतो, पुण्याहून सांगत जाईन. माझ्या आधी काकू बोलल्या. "इथंच येत जा. हा दर इतवारी असतो इथं." आणि तांब्या विसळायला आत निघून गेल्या.

ठीक आहे का, असं त्यांनी मला विचारलं नाही. स्टँडवर पोचल्यावर आधी मित्राला 'नाही' म्हणून कळवलं, आणि मग वसमतच्या गाडीच्या कंडक्टरला विचारलं की रविवारची कळमनुरीची पहिली एसटी किती वाजता सुटते.